महाविद्यालयीन वार्षिकांक, नांदेड व लातूर येथील

विद्यार्थ्यांचे ललित व वैचारिक लेखन आणि संस्थेचा वर्षाचा वृत्तांत एकत्र देणारे, महाविद्यालयाने बहुधा वर्षातून एकदा काढलेले नियतकालिक. त्याचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी घेतलेल्या शुल्कातून भागतो. मराठी, हिंदी व इंग्रजी, क्वचित उर्दू वा संस्कृत असे त्याचे विभाग असून त्यांवर प्राध्यापक व विद्यार्थी संपादक नेमलेले असतात.

मराठवाड्यात या प्रकाशनाला जे महत्त्व आले, त्याचे मूळ येथील शिक्षणाच्या इतिहासात आहे. हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते व उस्मानिया विद्यापीठ (१९१८) हे त्याचे केंद्र होते. १९४८ मध्ये संस्थानाचे भारतात विलीनीकरण झाल्यानंतर नांदेडला पीपल्स (१९५०) व यशवंत (१९६३), तर लातूरला दयानंद (१९६१) व राजर्षी शाहू (१९७०) ही महाविद्यालये निघाली. ती मराठवाडा विद्यापीठाच्या (१९५८) कक्षेत होती. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्याच्याकडे आली. तेथे येणारा विद्यार्थी पुष्कळदा घराण्यातील पहिलाच पदवीधर होणार असे. पुण्या-मुंबईची मासिके त्याच्यापासून दूर होती. स्वतःचे नाव छापील अक्षरांत प्रथम पाहण्याची जागा त्याला वार्षिकांकानेच दिली.

असे अंक काय करू शकतात, याचे सर्वांत ठळक उदाहरण तेव्हाच्या औरंगाबादेत मिळते. डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या नियतकालिकात दलित विद्यार्थ्यांचे आरंभीचे लेखन प्रसिद्ध झाले. म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारख्या प्राध्यापकांचा त्या वातावरणाला आधार होता आणि पानतावणे यांचे अस्मितादर्श हे त्रैमासिक त्याच परिसरातून उभे राहिले. जे अनुभव तोवर वाङ्मयाचा विषय मानले जात नव्हते, त्यांना तेथे पाने मिळाली. नांदेड व लातूर येथील अंकांना ही उंची सहसा गाठता आली नाही. गुणवत्तेचा अभाव हे त्याचे कारण नव्हे.

एक कारण भाषेचे आहे. देगलूर-बिलोलीकडील बोलीवर तेलुगूची, उदगीर-निलंग्याकडील बोलीवर कन्नडची आणि सर्वत्र दखनी उर्दूची छाया आहे. अंकात मात्र विद्यार्थी पाठ्यपुस्तकी मराठीत लिहितो आणि उरलेसुरले बोलीचे शब्द मुद्रितशोधनात जातात. दुसरे कारण काळाचे. नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांनी पीपल्स महाविद्यालयात अध्यापन केले व तेथील प्राचार्यपदही भूषविले. त्यांच्यामुळे नांदेडमध्ये वादसंवादाची सवय रुजली. पण वादाला प्रतिवाद हवा आणि वार्षिकांकातील लेखाला उत्तर द्यायचे, तर वर्षभर थांबावे लागते. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन किंवा १९७८ पासूनचा विद्यापीठ नामांतराचा प्रश्न, यांनी विद्यार्थिजीवन ढवळून काढले. तातडीच्या मतप्रदर्शनाला अशा वेळी भित्तिपत्रक व पत्रकच जवळचे. वार्षिकांक बोलणार तो सगळे शमल्यावर.

पुढे वृत्तांताचा भाग वाढला. विभागांचे अहवाल, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांची छायाचित्रे व पाहुण्यांच्या भेटी यांनी पानेच्या पाने व्यापली. ‘लातूर पॅटर्न’च्या ख्यातीनंतर गुणवंतांच्या छायाचित्रांनाही मोठे मोल आले. संस्थेला ही नोंद हवी असते, हे समजण्यासारखे आहे. तिच्यासाठी विद्यार्थ्याच्या शुल्कातून कथाकवितांची पाने कमी व्हावीत, हे मात्र समर्थनीय नाही. काही विद्यापीठे उत्कृष्ट वार्षिकांकांना पारितोषिके देतात. तेथेही सजावटीपेक्षा नव्या लेखकाचा शोध हा निकष ठेवणे इष्ट ठरेल.

अंक बहुधा परीक्षांच्या सुमारास किंवा त्यानंतर हाती येतो, तोवर अंतिम वर्षाचा लेखक महाविद्यालय सोडून गेलेला असतो. जुने अंक ग्रंथालयात राहतात, पण त्यांची नोंद सहसा वर्षानुसार होते, लेखकानुसार नव्हे. परिणामी पुढे नावारूपाला आलेल्या कवीची पहिली कविता शोधायची, तर तो कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात होता, हे आधी ठाऊक असावे लागते.