भिंतीवरचं बियाणं

अमर कंवर यांचं ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ हे मांडणशिल्प समजायला कलाशिक्षण लागत नाही. सुपात भात पाखडलेल्या बाईला ते लवकर कळतं. 2012 साली ते जर्मनीत कासेलला, त्याच वर्षी भुवनेश्वरला आणि मग कोचीच्या पहिल्या बिएनालेत मांडलं गेलं. मी ते कोचीत पाहिलं.

विषय ओडिशाचा. खाणी आणि कारखान्यांसाठी तिथली जमीन कशी हातची जाते, ते कंवर 1999 पासून चित्रित करत आलेत. ‘द सीन ऑफ क्राइम’ हा यातला 42 मिनिटांचा चित्रपट. गवत डोलतं, पाणी चमकतं. बघताना वाटतं, किती सुंदर! मग कळतं की यातली जवळजवळ प्रत्येक जागा सरकारच्या नाहीतर कंपनीच्या ताब्यात जायच्या वाटेवर आहे. मोडतोड, रक्त काही न दाखवता ‘गुन्ह्याची जागा’ म्हणायचं, हे धाडसच. डोळ्यांना सुख होतं आणि त्या सुखाचीच लाज वाटायला लागते.

शेजारी हातकागदाची मोठी पुस्तकं आहेत, पानांवरच चित्रफीत उमटते. त्यातलं एक शंकर गुहा नियोगींचं. आपली हत्या होणार हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं; 1991 मध्ये ती झाली.

पण माझे पाय अडले ते भाताच्या 266 देशी वाणांपाशी. ओळीनं मांडलेलं बियाणं. कुठलं काळपट, कुठलं तांबूस. कंवर विचारतात, पुरावा कशाला म्हणायचं? कोर्टाला कागद लागतो. सातबाऱ्यावर बाईचं नाव बहुतेकदा नसतंच, पण कणगीत कुठलं बी कुठल्या शेताचं, हे तिलाच ठाऊक असतं. ते ज्ञान इथं साक्षीला उभं केलंय. हे मला फार मोलाचं वाटतं.

तरी एक खटकतं. आपल्याकडे उगवू शकणाऱ्या दाण्याला सचित्त म्हणतात, म्हणजे त्यात जीव आहे. साध्या हवेत ठेवलेल्या भाताच्या बियाण्याची उगवण काही वर्षांतच घसरते. ओडिशातले नटबर सारंगी यांच्यासारखे शेतकरी शेकडो वाणं पेरून, कापून, पुन्हा पेरून जगवत आले, ते म्हणूनच. दालनातलं बी मात्र दिव्याखाली सुकत राहतं. म्हणजे पुरावा मांडता मांडताच मरतोय की काय?

कंवरना हे कळत नसेल असं नाही. भुवनेश्वरला हेच काम त्यांनी खुलं ठेवलं, लोकांनी आपापले पुरावे आणून त्यात भर घालावी म्हणून. माझ्या मते या कलाकृतीचं खरं घर तेच. कासेलचा प्रेक्षक हळहळून पुढे जाईल; ज्याची जमीन जायचीय तो माणूस आपलं वाण नावानं ओळखेल, आणि कदाचित मूठभर मागूनही नेईल. ते बी शेतात पडलं, तर या साक्षीला अर्थ आहे.