रक्तसंकलनाचे अध्यापन : कृती आणि कारण यांची फारकत

चिकित्सालयीन जीवरसायनशास्त्राच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत रक्तनमुना-संकलनाचे प्रकरण बहुधा आरंभी येते आणि तेथेच संपते. शिरेची निवड, टूर्निकेट, टोपणांचे रंग, नळ्यांचा क्रम अशी यादी दिली जाते व विद्यार्थी ती पाठ करतो. कृती अचूक असते; कारण मात्र अनुपस्थित असते. प्रस्तुत टिपणाचा आक्षेप या मांडणीवर आहे.

ग्लुकोजसाठी राखाडी टोपणाची नळी वापरावी, हे संकलनाच्या प्रकरणात सांगितले जाते. फ्लोराइड इनोलेज या विकरास रोधते, हे ग्लायकोलिसिसच्या प्रकरणात येते. एकाच विषयातील ही दोन विधाने परस्परांना भेटत नाहीत. ती जोडली असता महत्त्वाची मर्यादा स्पष्ट होते. इनोलेज हा या चयापचय-मार्गाच्या उत्तरार्धातील विकर असल्याने आधीच्या पायऱ्यांवर ग्लुकोज काही काळ खर्च होतच राहते. ते थांबण्यास सुमारे एक ते दोन तास लागतात. रोधकाविना, पेशी वेगळ्या न करता ठेवलेल्या रक्तात ग्लुकोज ताशी सुमारे ५ ते ७ टक्के घटते. तात्पर्य, राखाडी टोपण म्हणजे विलंबाचा परवाना नव्हे.

नळ्यांच्या क्रमाचेही तसेच आहे. पोटॅशियमयुक्त ईडीटीएचा अंश सीरमच्या नळीत गेल्यास पोटॅशियम आभासी वाढते. ईडीटीए कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने कॅल्शियम आभासी घटते. ही जोडी दिसताच नमुन्याविषयी शंका यावयास हवी. केवळ क्रम पाठ असणाऱ्यास ती येणार नाही. परिणामी रुग्णाची खरी पोटॅशियम-न्यूनता झाकली जाऊन त्यास पोटॅशियम उतरविणारे उपचार दिले जाण्याचा धोका संभवतो.

हा धोका केवळ तात्त्विक नाही. प्लेबानी व कारारो यांनी १९९७ मध्ये तातडीच्या परीक्षणांच्या प्रयोगशाळेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळलेल्या चुकांपैकी ६८.२ टक्के परीक्षणपूर्व टप्प्यातील होत्या. २००७ च्या अभ्यासातही हे प्रमाण ६१.९ टक्के होते.

नवशिक्यांवर कारणांचा भार नको, हा युक्तिवाद समजण्याजोगा आहे. परंतु कारण हा भार नसून स्मरणाचा आधार होय. त्यासाठी नवा अभ्यासक्रम नको. ‘रक्तसंकलनाची पद्धती लिहा’ या प्रश्नाऐवजी एक विसंगत अहवाल द्यावा आणि नमुना स्वीकारावा की नाकारावा, हे सकारण विचारावे. एवढा बदल प्राध्यापकांच्या हाती निश्चितच आहे.