हूकरची तक्रार आणि शिबपूरची सावली

लिटरेचर रिव्ह्यू म्हटलं की आपण गेल्या दहा वर्षांतले पेपर उघडतो. जुनं पुस्तक समोर आलंच तर त्यातलं एखादं वाक्य प्रस्तावनेत शोभेला लावतो आणि पुढे जातो. मीही दोन वर्षं हेच केलं. आज एक जुनंच प्रकरण घेऊन बसू या, आणि ते शोभेसाठी नाही, तपासण्यासाठी. जोसेफ हूकरच्या ‘हिमालयन जर्नल्स’चं (१८५४) पहिलं प्रकरण. त्यात कलकत्त्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानाबद्दल मोजका मजकूर आहे. पण एखाद्याचं नाव पुढची दीडशे वर्षं खराब करायला तेवढा पुरला.

हूकर जानेवारी १८४८ मध्ये कलकत्त्याला उतरला, उद्यान बघायला गेला आणि निराश झाला. सायकसच्या झाडांची दुतर्फा रांग बघायला लोक मुद्दाम येत, ती तोडलेली. सागाची, महोगनीची, लवंग-जायफळ-दालचिनीची झाडी गेलेली. हे करणारा हात एकच होता, असं तो सांगतो, आणि तो हात विल्यम ग्रिफिथचा. मोठा वड तेवढा शाबूत आहे, याचं त्याला समाधान.

आता थोडी पार्श्वभूमी, भरभर सांगते. उद्यान १७८७ मध्ये रॉबर्ट किड या लष्करी अधिकाऱ्यानं ईस्ट इंडिया कंपनीसाठी काढलं. साग, मसाले, म्हणजे पैसा देणारी झाडं लावायची, हा हेतू. १७९३ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग आला आणि बागेचं शास्त्रीय संग्रहालय व्हायला लागलं. त्यानं स्थानिक चित्रकारांकडून अडीच हजारांवर वनस्पतिचित्रं करून घेतली. बागेतल्या झाडांची त्याची यादी, ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’, १८१४ मध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरीनं छापली. (१८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापणारा कॅरी तो हाच. मिशनरी, छापखानेवाला आणि बागेचा वेडा.) त्यानंतर नॅथॅनिएल वॉलिचनं जवळजवळ तीस वर्षं बाग सांभाळली. १८४२ मध्ये तो आजारपणाच्या रजेवर केपला गेला आणि बदली म्हणून ग्रिफिथ आला. वय ३२. हुशार, अफाट कष्टाळू, आणि वॉलिचशी पटत नव्हतंच.

ग्रिफिथचं म्हणणं असं, की ही बाग दिसायला छान आहे पण वनस्पतिशास्त्राच्या उपयोगाची नाही. झाडं कुळांप्रमाणे लावलेली नाहीत, विद्यार्थी इथे येऊन काय शिकणार? त्यानं १८४३ मध्ये कंपनीला बागेवर अहवाल दिला, आणि तो वॉलिचवर चांगलाच झोंबणारा होता. मग कुऱ्हाड चालवून जागा मोकळी केली आणि नवी मांडणी सुरू केली. १८४४ मध्ये वॉलिच परत आला. १८४५ च्या फेब्रुवारीत ग्रिफिथ मलाक्काला वारला, वय ३४. मांडणी अर्धवट राहिली.

हूकरच्या तक्रारीत जी गोष्ट खरोखर भक्कम आहे तिच्याकडे आधी बघू. ती म्हणजे सावली.

शिबपूर कर्कवृत्ताच्या जेमतेम एक अंश दक्षिणेला आहे. त्या हवामानाला कुणी उष्ण कटिबंधीय म्हणतं, कुणी उपोष्ण. माळ्याला फरक पडत नाही. हुगळीच्या काठची सखल, गाळाची जमीन. वर्षाला साधारण १६०० ते १८०० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चैत्र-वैशाखात ऊन भाजून काढतं, मध्येच कालबैशाखीची वादळं, मग चार महिने पाणी हटत नाही. इंग्लंडमध्ये बागेचा माळी झाडाला ऊन मिळावं म्हणून धडपडतो. इथे उलटं आहे. इथे मोठं झाड ही छत्री आहे. तिच्याखाली पालापाचोळा साठतो, माती भुसभुशीत राहते, पावसाचा थेंब थेट जमिनीवर आपटत नाही, आणि दालचिनी-जायफळासारखी सावलीतली झाडं लहानपणी तग धरतात. छत्री काढली की एका उन्हाळ्यात माती विटेसारखी होते, पावसाळ्यात तिचा चिखल होतो.

आणि मग गवत येतं. बंगालमध्ये त्याला ‘उलू’ म्हणतात, शास्त्रीय नाव इम्पेराटा सिलिंड्रिका. त्याला भरपूर ऊन लागतं, दाट सावलीत ते टिकत नाही. एकदा मोकळं मिळालं की जमिनीखालच्या खोडांनी पसरतं. वरून कापा, जाळा, पुन्हा हजर. खुरपणी करणाऱ्याला विचारा, हे गवत किती दिवस खातं. म्हणजे सावली तोडणं हा एकदाच होणारा तोटा नाही, तो दरवर्षी मजुरीच्या रूपानं भरावा लागणारा दंड आहे. ग्रिफिथनं कागदावर कुळं मांडली, पण मधल्या वीस वर्षांत, नवी झाडं सावली देण्याइतकी मोठी होईपर्यंत, जमीन कोण सांभाळणार हे धरलंच नाही. इथे हूकर बरोबर आहे, आणि तेही उष्ण प्रदेशातल्या बागांचा फारसा अनुभव नसताना. हे त्याच्या नजरेचं श्रेय द्यायला हवं.

पण थांबा. तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, म्हणून आता साक्षीदाराची उलटतपासणी करू.

हूकरनं ग्रिफिथच्या आधीची बाग पाहिली होती का? नाही. तो पहिल्यांदाच भारतात आला होता. ‘पूर्वी कशी होती’ हे तो ऐकलेल्यावर सांगतोय. कुणाकडून ऐकलेलं? वॉलिच तेव्हा लंडनमध्ये होता, आणि हूकरचे वडील विल्यम हूकर, क्यू उद्यानाचे संचालक, यांचा वॉलिचशी जुना पत्रव्यवहार. म्हणून हूकर खोटं बोलला असं अजिबात नाही. पण ज्याच्यावर आरोप आहे तो मेलेला आणि ज्याचं ऐकलं तो घरोबातला, हे शेजारी लिहून ठेवायला हवं. शिवाय तो आला जानेवारीत. बंगालमधला सगळ्यात सुखाचा महिना. ग्रिफिथ गेल्याला तीन वर्षं होत आली होती, मधल्या काळात बाग दुसऱ्यांच्या हातात होती. मग १८४८ मध्ये दिसलेली अवस्था किती ग्रिफिथची आणि किती त्या मधल्या वर्षांची? हूकर हे वेगळं काढत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याच्याकडे ‘आधीचा’ डेटा नाही, कंट्रोल नाही, आणि दोन कारणं एकमेकांत मिसळलेली आहेत.

आणि पुढे काय झालं बघा. ५ ऑक्टोबर १८६४ ला चक्रीवादळ आलं. बागेत नदीचं पाणी शिरलं आणि हजाराहून अधिक झाडं, म्हणजे जवळपास निम्मी, आडवी झाली. १८६७ मध्ये दुसरं वादळ, त्यात आणखी साडेसातशे. उलू माजलं ते त्यानंतर. ग्रिफिथनं तोडली नसती तर ती सायकसची रांग, ती महोगनी आज असती का? मला नाही वाटत. तरी अजूनही लिहिणारे हूकरचं वाक्य उचलतात आणि शिबपूरच्या ऱ्हासाचं खापर एका माणसावर फोडून मोकळे होतात. वादळाला दोष देऊन गोष्ट रंगत नाही ना.

इथपर्यंत मी हे सगळं थंडपणे वाचलं होतं. ग्रिफिथबद्दल माझं मत बदललं ते माझ्याच एका फजितीमुळे.

माझ्या पहिल्या प्रकरणासाठी मी वडाच्या पानांची मोजमापं घेत होते: जाडी, क्षेत्रफळ, कोरडं वजन. एका सार्वजनिक बागेत (नाव राहू दे) वडाची पाच जुनी झाडं होती, पाचांवर व्यवस्थित पाट्या, शास्त्रीय नाव अचूक. मी पाच झाडं धरून तीन महिने पानं गोळा केली. आकडे इतके एकसारखे आले की मी खूश. एक दिवस तिथले माळीकाका आळं साफ करता करता सहज म्हणाले, “ताई, ही पाचही एकाच वडाची पोरं हो. फांद्या तोडून लावलेली.” बागेच्या कचेरीत रजिस्टर मागितलं. नव्हतं. पाटी होती, नाव होतं. झाड कुठून आलं, बी लावलं की फांदी, कोणत्या वर्षी, काही नाही. माझी पाच झाडं म्हणजे जनुकीयदृष्ट्या एक झाड निघालं. गाईडनी शांतपणे विचारलं, “मग तुझा एन किती?”

एक.

त्या रात्री ग्रिफिथच्या तक्रारीकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं. तो ज्याच्यासाठी भांडत होता ते दिसण्याचं नव्हतं. नुसतं झाड असणं आणि अभ्यासाला उपयोगी झाड असणं यात मोठं अंतर आहे. आज वनस्पती उद्यानाची व्याख्याच अशी करतात, की जिथे जिवंत वनस्पतींचा नोंदी असलेला संग्रह आहे ते. ‘नोंदी असलेला’ काढून टाका, उरतो तो पार्क. प्रत्येक झाडाला ॲक्सेशन नंबर, कुठल्या रानातून, कुणी, कधी, बी की कलम. बागेतून बी घेताना तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एकाच प्रजातीकुळातल्या लांबलांबच्या जाती बागेत शेजारी उभ्या असतात आणि संकर होऊ शकतो. पाटी आईचं नाव सांगते, बापाचं सांगत नाही.

मग ग्रिफिथ बरोबर होता? प्रश्न बरोबर होता, उत्तर चुकलं. नोंद ठेवायला झाड तोडावं लागत नाही, वही लागते. त्यानं ज्ञानाची मांडणी जमिनीवरच करायचा हट्ट धरला. वॉलिचकडे झाडं होती पण शिस्त नव्हती, असं तो म्हणतो. त्याच्या शिस्तीत झाडांनाच जागा उरली नाही.

हा तिढा जॉर्ज किंगनं बऱ्यापैकी सोडवला, असं मला वाटतं. १८७१ मध्ये तो आला तेव्हा वादळांनी बाग जवळपास उघडी पडली होती. त्यानं आधी पाण्याचं पाहिलं. तळी खोदली, तीच माती टाकून सखल भाग उंच केले, रस्ते बांधले. आज बागेत जी २४ तळी जमिनीखालून एकमेकांना जोडलेली आहेत त्या व्यवस्थेची सुरुवात इथली. झाडं कुळांप्रमाणे न लावता भूप्रदेशाप्रमाणे लावली, म्हणजे सोबत जगू शकणारी झाडं सोबत आली. आणि कुळांची मांडणी? ती हर्बेरियमच्या कपाटात, जिथे ऊनही लागत नाही आणि वादळही येत नाही. आज त्या हर्बेरियममध्ये सुमारे २० लाख नमुने आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण १८९० मध्ये सुरू झालं तेव्हा पहिला संचालक किंगच होता, यात नवल नाही.

एक गोष्ट मात्र तिघांच्याही लिखाणात मला खटकते: ज्यांनी खुरपलं, आळी केली, पाणी घातलं, त्यांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. ग्रिफिथनं तोडलं असं हूकर लिहितो. ग्रिफिथनं स्वतः कुऱ्हाड धरली नव्हती. माझी चूक पकडणारी माहितीही कुठल्या रजिस्टरात नव्हती, ती एका माळ्याच्या डोक्यात होती. ते निवृत्त झाले असते तर माझं प्रकरण छापूनही आलं असतं. विचार केला की अजून अंगावर काटा येतो.

शिबपूरच्या मोठ्या वडाचंच बघा. त्याचं मूळ खोड बुरशीनं सडल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं. झाड जगलं ते पारंब्यांवर, आणि कोवळ्या पारंब्यांना पोकळ बांबूतून जमिनीपर्यंत नेणाऱ्या हातांवर. २० मे २०२० ला अम्फान आलं तेव्हा बागेतली शेकडो झाडं पडली, या वडाच्याही कितीतरी पारंब्या गेल्या. वड मात्र उभा राहिला. लांबून ते जंगल दिसतं. आत गेलात तरी जंगलच वाटतं. एन मात्र एकच.

आपल्याकडच्या दापोडीच्या बागेबद्दल वेगळी पोस्ट लिहायची आहे. पुण्याजवळची ही बाग अलेक्झांडर गिब्सन बघत असे, आज ती नाही. पण तिथल्या झाडांची चित्रं एका भारतीय चित्रकारानं काढली होती, ती एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात सांभाळलेली आहेत.

माझं प्रकरण मी फेकलं नाही. पाच झाडांचा ‘एक व्यक्ती’ असा नवा तक्ता केला आणि प्रश्न बदलला: एकाच वडाची पानं पाच वेगळ्या जागी, वेगळ्या उन्हात, किती बदलतात? आकडे इतके एकसारखे का आले, हे आता मला सांगता येईल असं वाटतंय. माळीकाकांकडून उरलेल्या झाडांची माहिती लिहून घेणं सुरू आहे. आतापर्यंत ४३ झाडं झाली. वहीची एक प्रत बागेच्या कचेरीत ठेवली आहे.