पूर्ण गोष्टीचे पूर्ण पैसे

मराठी मालिका आता कुठे संपायला शिकली आहे, आणि नेमकी याच वेळी ती पैसे भरणाऱ्याच्या हातात राहीनाशी झाली आहे. गेल्या सहा-सात वर्षांत मराठीत आखीव भागांची, पैसे मोजून बघायची मालिका उभी राहिली. तिच्यातलं चांगलं काम खरोखर चांगलं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. ते विकण्याची रीत मात्र त्या कामाच्या मुळावर आलेली आहे. या पावसाळ्यात लाइट गेली, टॉवर गेला आणि वर्षाचे पैसे भरून डाउनलोड करून ठेवलेली मालिका उघडायला गेलो, तर मुदत संपल्याचा निरोप आला. मुदत वाढवायला इंटरनेट हवं होतं. ज्या अडचणीसाठी डाउनलोड केलं, त्याच अडचणीत ते निरुपयोगी ठरलं. त्या संतापातून हा लेख लिहितो आहे.

रोजच्या मालिकांवर मी शब्द खर्च करणार नाही. ज्या कथेला टीआरपी असेपर्यंत मरायची परवानगी नसते, तिची समीक्षा होऊ शकत नाही. 'रानबाजार'च्या वाटेने गेलेल्या मालिकांनी गाजावाजा मिळवला, पण लक्षात राहील असं माणूस दिलं नाही. 'समांतर'च्या पहिल्या पर्वाला सुहास शिरवळकरांच्या कादंबरीचा कणा होता. दुसऱ्या पर्वात तो वाकला.

मला बोलायचं आहे ते वेगळ्या वळणाबद्दल. 2019 मध्ये वरुण नार्वेकरांनी 'आणि काय हवं' केली. जुई आणि साकेत हे नवरा-बायको, एक घर आणि दर भागाला एक छोटा प्रसंग, एवढंच तिचं भांडवल. खलनायक नाही, कारस्थान नाही, भाग संपताना काळजात धस्स करणारा धक्का नाही. प्रिया बापट आणि उमेश कामत बोलता बोलता थांबतात, आणि त्या थांबण्यात दिग्दर्शक ढवळाढवळ करत नाही. रोजच्या मालिकेत हाच क्षण तीनदा वळून बघणाऱ्या चेहऱ्यांनी आणि ढोलाच्या ठेक्याने भरून काढला असता. इथे भाग पंधरा-वीस मिनिटांत संपतो, कारण सांगायचं ते सांगून झालेलं असतं. मराठी पडद्यावर ही शिस्त नवी होती.

हेच वळण 2021 च्या 'शांतीत क्रांती'ने मैत्रीच्या गोष्टीत आणलं आणि 2022 च्या 'पेट पुराण'ने संसाराच्या. मूल नको, घरात कुत्रा-मांजर असू दे, असं म्हणणारं जोडपं आणि भोवतालचं कुटुंब, एवढ्यावर ज्ञानेश झोटिंग अख्खी मालिका पेलतात. लेखकाला शेवट ठाऊक असला की पहिल्या भागातलं वाक्यसुद्धा नेमकं पडतं, याचा तो पुरावा आहे.

आणि मग 2024 मध्ये 'मानवत मर्डर्स' आली. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये सत्तरच्या दशकात घडलेलं हत्याकांड, गुप्तधनाच्या हव्यासातून आणि अंधश्रद्धेतून गेलेले बायका-मुलींचे जीव, आणि तपासाला आलेले रमाकांत कुलकर्णी. ही हकिगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. म्हणजे 'कोणी केलं' हे गुपित फारसं उरलेलंच नव्हतं. आशिष बेंडे यांनी तेच बळ मानलं. प्रेक्षकाला कोड्यात अडकवण्याऐवजी त्यांनी त्याला त्या वाड्यात नेऊन बसवलं. मकरंद अनासपुरे यांना वर्षानुवर्षं आपण हसण्यासाठी वापरून घेतलं; इथे त्यांचा उत्तमराव गप्प बसतो आणि त्या गप्पपणाची भीती वाटते. सोनाली कुलकर्णींची रुक्मिणी आणि सई ताम्हणकरांची समिंद्री यांच्यात हाव आणि लाचारी अशी मिसळली आहे की एकीचा राग करताना दुसरीची कीव येते. आशुतोष गोवारीकर तपास अधिकाऱ्याला कुठेही नायक करत नाहीत. या मालिकेतली मराठवाड्याची बोली फोडणीपुरती वापरलेली नाही, माणसं त्या बोलीतच विचार करतात. ही मालिका पंचवीस वर्षांनीही बघितली जावी, तिच्यावर विद्यार्थ्यांनी काम करावं, अशा तोडीची आहे. पंचवीस वर्षांनी ती कुठे असेल, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही.

आता आमच्या मुलखाकडे येतो. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये सुरू झाली आणि मालवणी बोली रोज रात्री अख्ख्या महाराष्ट्राच्या घरात गेली. 'वस्त्रहरण'ने रंगभूमीवर जे केलं, त्याची शक्यता इथे छोट्या पडद्यावर दिसली होती. ती मालिका अण्णांच्या मृत्यूने सुरू होते. पण वाहिनीला यश मिळालं आणि 2019 मध्ये मेलेले अण्णा मागच्या काळात जाऊन जिवंत झाले. माधव अभ्यंकरांनी त्यांना असं उभं केलं की दुसरं पर्व पहिल्यापेक्षा गाजलं. मग 2021 मध्ये तिसरं पर्व आलं, आणि तोवर त्या घरात सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. नटांचा यात दोष नाही, लेखकांचा फार थोडा. गोष्ट संपवण्याचे पैसे कोणी देत नव्हतं, लांबवण्याचे मात्र मिळत होते.

2025 च्या 'अंधार माया'त पुन्हा कोकणातला वाडा आहे, पुन्हा अंधार आहे, पण किशोर कदमांसारखा नट आहे आणि गोष्टीला काठ आहे. भुताखेतांपलीकडचं कोकण तिलाही दिसलेलं नाही. तरीही आखलेल्या भागांत ती जेवढं वातावरण उभं करते, तेवढं वाहिनीवर शंभर भागांत होत नाही. त्याच वर्षी सुबोध खानोलकरांच्या 'दशावतार' चित्रपटात दिलीप प्रभावळकरांनी बाबुली मेस्त्री रंगवला, आणि इथल्या माणसाकडे, रानाकडे, कलेकडे नीट बघितलं तर काय हाती लागतं हे दिसलं. असा बाबुली मालिकेत का येत नाही? प्रतिभेची वाण आहे म्हणून नव्हे. मालिकेचे पैसे चुकीच्या गोष्टीसाठी दिले जातात म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे ज्यासाठी मोजले जातात, तशी कला घडते. जाहिरातदार मिनिटांचे पैसे देतो, म्हणून रोजची मालिका मिनिटं पिकवते. वर्गणी घेणाऱ्या ॲपला तुम्ही पुढच्या महिन्यात टिकायला हवे असता, म्हणून चांगल्या मालिकेच्याही शेवटच्या भागात पुढच्या पर्वाचा गळ टाकलेला असतो. प्रेक्षक जेव्हा एका पूर्ण गोष्टीचे पैसे मोजतो, तेव्हाच लेखकावर गोष्ट पूर्ण करण्याची जबाबदारी येते.

हे आम्हाला नवं नाही. कार्तिकानंतर सुरू होणाऱ्या जत्रांत गाव, मानकरी किंवा नवस फेडणारा एखादा गृहस्थ मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशा दशावतारी कंपनीशी एका रात्रीची बोली करतो. आडदशावतारात गणपती येतो, संकासुर येतो, मग आख्यान रंगतं आणि पहाटे दहीकाला होतो. लिखित संहिता नसते, संवाद नट उभ्या उभ्या रचतात, तरीही उजाडायच्या आत आख्यान संपतंच. अर्धं आख्यान दाखवून उरलेलं पुढच्या जत्रेला, असं कुठल्याही कंपनीने कधी केलं नाही. पूर्ण आख्यानाचे पूर्ण पैसे, हा इथला व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

मग असं म्हटलं जातं की मराठी प्रेक्षक फुकट्या आहे. हे धडधडीत खोटं आहे. जत्रेतल्या दुकानांत दशावतारी नाटकांच्या सीडी याच प्रेक्षकाने विकत घेतल्या. पुढे एसटी स्टँडाजवळच्या मोबाइलच्या दुकानांत लोक मेमरी कार्ड भरून घेत होते. दुकानदाराच्या संगणकावर मालिका असायच्या, तो त्या कार्डात टाकून द्यायचा आणि गिऱ्हाईक रोख पैसे मोजायचं. गणपतीला येणारा चाकरमानी पेन ड्राइव्ह घेऊन यायचा. मालिकेची फाइल हवी, ती आपल्याजवळ राहावी आणि तिच्यासाठी पैसे द्यायची तयारी आहे, असा उभा बाजार होता. पैसे निर्मात्यापर्यंत पोहोचत नव्हते, कारण निर्मात्याने तिथे दुकानच मांडलं नव्हतं. करोनाकाळात 2020 मध्ये हृषिकेश जोशींनी 'मोगरा' हे 'नेटक' तिकीट लावून ऑनलाइन केलं, आणि घरोघरच्या मराठी माणसांनी एका प्रयोगाचे पैसे भरले. एकेका कलाकृतीचे पैसे द्यायला मराठी माणूस तयार असतो, हे तिथे सिद्ध झालं.

परदेशात हा व्यवहार जुना आहे. ॲपलने 2005 मध्ये मालिकेचा एकेक भाग एक डॉलर नव्व्याण्णव सेंटला विकायला काढला. भाग संगणकावर उतरवून घ्यायचा आणि हवा तेव्हा बघायचा. वीस वर्षांनी आपण मागे आलो आहोत. आज आपल्याकडच्या बहुतेक ॲपांवर डाउनलोड मोबाइलपुरतं आहे. संगणकावर ब्राउझरमध्ये ते मिळत नाही. नेटफ्लिक्सने तर 2024 मध्ये विंडोजवरची असलेली सोय काढून घेतली. मोबाइलवरचं डाउनलोडही मुदतीचं असतं. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा सिंधुदुर्गात कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती. अशा किनाऱ्यावर 'सतत जोडलेला प्रेक्षक' गृहीत धरणं म्हणजे आम्हाला हिशेबातून वगळणंच आहे.

फाइल दिली तर चोरी वाढेल, हे निर्मात्यांचं नेहमीचं उत्तर. चोरी कुलपामुळे थांबलेली नाही. मालिका आली की ती टेलिग्रामवर पोहोचते, आणि तिथून घेणाऱ्याला मुदत नसते, पासवर्ड नसतो, जाहिरात नसते. कुलूप लागतं ते फक्त प्रामाणिक माणसाला. संगीताच्या धंद्याने हे ओळखलं. 2009 मध्ये आयट्यून्सवरच्या गाण्यांची कुलपं काढली गेली आणि गाण्यांची विक्री त्यामुळे बुडाली नाही.

कुलपापेक्षा मोठा धोका विस्मरणाचा आहे. वूट 2023 मध्ये जिओसिनेमात विलीन झालं, 2025 मध्ये त्याचं जिओहॉटस्टार झालं. 'आणि काय हवं' आणि 'समांतर' ज्या एमएक्स प्लेयरवर आल्या, तो 2024 मध्ये ॲमेझॉनने घेतला. मालक बदलला की कुठली मालिका ठेवायची हे नवा मालक ठरवतो. एचबीओ मॅक्सने 2022 मध्ये स्वतःची नावाजलेली 'वेस्टवर्ल्ड' काढून टाकली. 2023 मध्ये प्लेस्टेशनवर लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून घेण्याची घोषणा झाली. ओरड झाल्यावर ती मागे घेतली गेली. आपल्याकडे 1954 च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. मालिकेची प्रत कोणालाही द्यावी लागत नाही. पुस्तकाची एक प्रत कुठल्या तरी वाचनालयात तगते. मालिकेचा जीव कंपनीच्या सर्व्हरवर टांगलेला असतो. जी कला प्रेक्षकाच्या कपाटात राहू शकत नाही, तिची परंपरा तयार होत नाही. उद्या मालवणीत मालिका लिहू पाहणाऱ्या कुडाळच्या मुलीने आधीचं काम बघायचं कुठे?

तेव्हा निर्मात्यांकडे माझी मागणी स्पष्ट आहे. वर्गणी हवी तर चालू ठेवा, पण तिच्या शेजारी विक्रीही सुरू करा. पूर्ण मालिकेची एक किंमत लावा. संगणकावर उतरेल, इंटरनेटशिवाय चालेल, मुदत नसेल आणि तुमची कंपनी उद्या बंद पडली तरी उघडेल, अशी फाइल द्या. विक्रीमागे लेखकाला हिस्सा द्या, म्हणजे गोष्ट ताणण्यापेक्षा नीट संपवण्यात त्याचा फायदा राहील. एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवा. का. र. मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणूस दरवर्षी खिशातले पैसे काढून पूर्ण अंक विकत घेतो आणि जपून ठेवतो. त्या अंकांच्या विक्रीने मराठी कथा पोसली. मराठी मालिकेलाही तसाच गिऱ्हाईक हवा आहे आणि तो इथे हजर आहे. त्याला वर्गणीदार म्हणून बांधून ठेवणं सोडा आणि मालिका विका. तुम्ही विकत नाही तोवर 'तो विकत घेत नाही' हा आरोप करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.