संसारकवितेतील संबोध्य

विवाह, संसार आणि मातृत्व यांविषयी स्त्रियांनी लिहिलेल्या कवितेचा विचार करताना आपल्या समीक्षेला एक सवय जडली आहे. कविता हाती पडताच ती कवयित्रीच्या आयुष्यातील कोणत्या घटनेतून निघाली, याचा शोध सुरू होतो. इंदिरा संत यांच्या बाबतीत हा शोध फारच लांबला. पती नारायण संत यांच्यासह सिद्ध केलेला ‘सहवास’ (१९४०), १९४६ साली पतीचे निधन, त्यानंतरचे ‘शेला’ (१९५१) आणि ‘मेंदी’ (१९५५) या क्रमातून विरहाची एक कथा सहज जुळते व प्रत्येक कविता त्या कथेचे प्रकरण ठरते. चरित्र निरुपयोगी असते, असा याचा अर्थ नव्हे. परंतु कविता कोणत्या अनुभवातून आली हे कळल्यावरही ती कोणाला उद्देशून बोलते, हा प्रश्न उरतोच. आणि या कवितेचे मर्म त्यातच अधिक आहे.

जात्यावरच्या ओवीला हा प्रश्न पडत नसे. पहाटे दळताना गाणारी स्त्री आणि ऐकणारी स्त्री एकाच घरच्या, एकाच दुःखाच्या वाटेकरी असत. बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांची कविता याच परंपरेतली. तथापि १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’मधील माहेरावरच्या कवितेत श्रोता बदलतो. तेथे प्रश्न विचारणारा एक योगी आहे. माहेराचे एवढे कौतुक, तर सासरी जातेसच कशाला, असे तो विचारतो. मुलीला माहेर मिळावे म्हणून आईने सासरी राहावयाचे असते, असे ती त्याला सांगते. हा केवळ भावनेचा उद्गार नव्हे. हा युक्तिवाद आहे. माहेर आपोआप लाभत नाही, कोणा एका स्त्रीच्या सासरी टिकून राहण्यावर ते उभे असते, हे त्याचे गृहीत. घर सोडून गेलेल्या पुरुषाला घर धरून राहिलेली स्त्री हे ऐकविते, म्हणून त्यास धार येते.

इंदिरा संतांच्या ‘कुब्जा’ या कवितेत कोणी विचारीत नाही, कोणी उत्तर देत नाही. राधा जागी झालेली नाही, गोकुळ निजलेले आहे. त्या अवेळी घुमणारा पावा आपल्यासाठीच आहे, हे एका दासीला उमगते. येथे स्त्री बोलणारी नसून, जिला साद घातली गेली ती आहे. विरहकथेची चौकट या कवितेला पुरत नाही. कुब्जेचे काही हरपलेले नाही. नात्याच्या कोणत्याही हक्काने जे तिला मिळाले नसते, ते तिला मिळत आहे.

हिरा बनसोडे यांच्या ‘यशोधरा’ या कवितेत संबोधन प्रत्यक्ष आहे. राहुलासह मागे राहिलेल्या पत्नीशी कवयित्री बोलते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतरच्या दलित कवितेत ही भूमिका सोपी नव्हती. ज्या प्रकाशाने आपले आयुष्य उजळले, त्यासाठी एका स्त्रीने अंधार सोसला, ही जाणीव येथे आहे. कवयित्री बुद्धाला नाकारीत नाही; पण यशोधरेचे ऋण फिटले, असेही मानीत नाही. बहिणाबाई सोडून गेलेल्याशी बोलल्या. बनसोडे मागे ठेविलेलीशी बोलतात. श्रोता बदलताच विवाहाचा अर्थ बदलतो.

कविता महाजन (१९६७-२०१८) यांच्या ‘तत्पुरुष’ या संग्रहाचे नावही या संदर्भात लक्षणीय आहे. या समासात उत्तरपद प्रधान असते. शिवाय ‘तो पुरुष’ हा अर्थही त्यात वाचता येतो. शीर्षकावरून संग्रहाचा निवाडा करू नये, हे खरे. तरी ज्याच्याशी बोलावयाचे तो ज्याच्याविषयी बोलावयाचे असा झाला, एवढे हे नाव निश्चित सुचविते.

अशा कवितेला केवळ कबुलीजबाब मानल्यास निवाडा कवितेचा होत नाही, स्त्रीच्या वागणुकीचा होतो. हा धोका वर्गातील अध्यापनातही संभवतो. म्हणून कवयित्रीचे दुःख खरे होते काय, हे विचारण्यापूर्वी तिने ते कोणापुढे मांडले आणि त्याच्याचपुढे का, हे अभ्यासकाने पाहावे. संसारकवितेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो कवयित्रींच्या चरित्रांपेक्षा त्यांच्या श्रोत्यांच्या क्रमाने लिहिणे अधिक फलदायी ठरेल.