रिकाम्या बंदुकीचें यश

मृगया हें व्यसन कीं व्यायाम, हा वाद आपल्याकडे जुना आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेचे गुण गातो. शरीर हलकें होतें, प्राण्यांचें मन कळतें, धांवतें लक्ष्य वेधतां येतें, असें त्याचें म्हणणें. हे लाभ उघड आहेत. परंतु शिकाऱ्याच्या पदरीं याहून निराळें, मुकें असें कांहीं पडतें काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस अमेरिकन कादंबरीकार विल्यम फॉकनर यांच्या ‘रेस ॲट मॉर्निंग’ या १९५५ सालच्या कथेंत सांपडलें.

मिसिसिपी संस्थानांतील नदीकांठच्या अरण्यांत नोव्हेंबरमध्यें शिकाऱ्यांचा तळ पडला आहे. कानांनीं मंद असलेला मिस्टर अर्नेस्ट आणि त्यानें आश्रय दिलेला बारा वर्षांचा मुलगा एकाच घोड्यावर बसून एका मोठ्या शिंगाळ हरणाचा दिवसभर पाठलाग करितात. कुत्र्यांचा आवाज मुलानें ऐकावा, घोडा अर्नेस्टनें हांकावा. अखेर हरिण समोर येतें; चाप तीनदां ओढला जातो, आणि बंदूक नुसती खटखटते. तिच्यांत काडतूस ठेवलेलेंच नव्हतें! हरिण मेलें तर मांस नि कातडें मिळेल. जगलें तर पुढील नोव्हेंबरांत पुन्हा शर्यत, असा अर्नेस्टचा हिशेब आहे.

कोणी म्हणेल, ही दया नव्हे, पुढच्या वर्षाच्या खेळाची तरतूद आहे. आक्षेप खोटा नाहीं. दिवसभर धापा टाकणाऱ्या हरणास या औदार्याचें काय सुख? तरीही दुष्यंताचा बाण तापसाच्या शब्दानें उतरला. येथें अडविणारें कोणीच नाहीं. म्हणूनच हा संयम आम्हांस मोलाचा वाटतो. ज्याचा नेम लागतच नाहीं, त्याच्या क्षमेस किंमत नसते.

कथेच्या शेवटीं अर्नेस्ट मुलास शाळेंत घालण्याविषयीं बोलूं लागतो, तें प्रथम आम्हांस खटकलें. बंदुकीनें मुकाट्यानें सांगितलेलें जिभेनें पुन्हा कशास सांगावें? परंतु दुसऱ्या वाचनांत संगति लागली. एका जीवाला रानांत राहूं देणारा हा मनुष्य दुसऱ्याला रानाबाहेर पाठवूं पाहतो. आणि दोन्ही ठिकाणीं हातचें सोडून उद्यांवर विश्वास ठेवितो. तथापि हें बोलणें आणखी थोडक्यांत आटोपतें, तर अधिक खोल रुतलें असतें, हें आमचें मत कायम आहे.