आवाजाचा कित्ता

नकलेला आपल्याकडे दोन मापे आहेत. गवयाच्या शिष्याने गुरूची फिरत गळ्यावर चढविली तर तिला आपण तालीम म्हणतो. वाद्यवृंदातल्या मुलाने ध्वनिमुद्रिकेतला गिटारचा आवाज जसाच्या तसा काढला तर ती नुसती नक्कल. पहिल्यावर आपण लेख लिहितो. दुसऱ्याच्या वाट्याला एक टाळी येते, आणि तीही बहुधा निवेदकाने मागून घेतलेली असते. ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ह्या नाट्यगृहांतून जुन्या हिंदी चित्रपटगीतांचे कार्यक्रम मी पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहे. मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत गायकांची यथेच्छ चिरफाड होते. अमक्याचा किशोर बरा, तमकीची आशा उसनी! गिटारवाल्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

'आवाज' हा शब्द मी येथे स्वर ह्या अर्थाने वापरीत नाही. षड्ज सनईचाही असतो आणि सारंगीचाही; वेगळा असतो तो त्याचा पोत. विजेच्या गिटारला साध्या गिटारसारखी पोकळ पेटी बहुधा नसते, त्यामुळे तिची तार एरवी जवळजवळ मुकीच. तारेखालचे लोहचुंबक आणि त्याभोवतीचे तांब्याच्या तारेचे वेटोळे तिच्या कंपनाची वीज करतात, ती वीज ॲम्प्लिफायरमध्ये मोठी होते, आणि मधल्या वाटेवर वादकाच्या पायाशी चार-सहा डब्या मांडलेल्या असतात. ह्यांना पेडल म्हणतात. एक डबी आवाज खरखरीत करते, एक त्याचे पडसाद पाडते, एक पायाने वरखाली केली की तोंड उघडून मिटल्यासारखी 'वॉव वॉव' बोलते. एखाद्या गाजलेल्या गाण्यातला आवाज एवढ्या सामग्रीतून पुन्हा उभा करावयाचा, ह्याला ही मुले 'टोन काढणे' म्हणतात.

गंमत अशी की, हे गाजलेले आवाज मुळात बिघाडातून जन्मलेले आहेत. १९५८ साली लिंक रे ह्या अमेरिकन वादकाने आपल्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली. १९६१ साली निघालेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ध्वनिमुद्रणाच्या यंत्राचा एक भाग बिघडला आणि मंद्र गिटार फाटक्या आवाजात बोलू लागली. ती चूक ठेवून दिली गेली आणि लोकांना आवडली. पुढच्याच वर्षी तो बिघाड डबीत भरून 'मॅइस्ट्रो फझ-टोन' ह्या नावाने विकावयास आला! १९६४ मध्ये डेव्ह डेव्हिसने स्पीकरचा कागद दाढीच्या पात्याने चिरला. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'ची सुरावट त्या फझ-टोनमधून वाजविली, तीही मुळात पितळी तुताऱ्यांची जागा दाखवून ठेवण्यासाठी. त्या तुताऱ्या कधी आल्याच नाहीत. म्हणजे आज जगभर ज्याचा कित्ता गिरवितात तो आवाज स्वतःच दुसऱ्या वाद्याची नक्कल होता.

आपल्याला ह्यात नवल वाटण्याचे खरे तर कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण तार मुद्दाम घोडीला निसटती घासू देतो आणि त्या घासण्यातून एका स्वराचे अनेक स्वर उमलतात, त्याला जवारी म्हणतो. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा कानसीने घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. परदेशी वादकाने स्पीकर चिरला तो ह्याच हव्यासापोटी: निर्मळ स्वर त्याला पुरला नाही. फझच्या डबीत होते ते एवढेच की, ध्वनीची लाट यंत्राच्या कुवतीबाहेर वाढवितात, तिचे शेंडे छाटले जातात, आणि त्या छाटण्यातून मुळात नसलेले वरचे सूर निपजतात. जवारीला आपण नादमाधुर्य म्हणतो आणि फझला कर्कशपणा. कानाची सवय, दुसरे काय!

परंतु जवारी लावणाऱ्याला कारण ठाऊक असते. टोन काढणाऱ्यांत दोन जाती मला दिसतात त्या येथेच. एक परिणामाची नक्कल करतो, दुसरा कारणाचा शोध घेतो.

माझा एक जुना विद्यार्थी डोंबिवलीला राहतो, दिवसा अंबरनाथच्या कारखान्यात असतो आणि रात्री कार्यक्रमांतून गिटार वाजवितो. क्वीन ह्या इंग्रज वाद्यवृंदातल्या ब्रायन मे ह्याच्या आवाजाने त्याला काही महिने झपाटले होते. (ह्या वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फरोख बलसारा, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.) ब्रायन मेने आपली गिटार १९६३ पासून वडिलांच्या मदतीने घरीच घडविली, तिच्या दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड वापरले. माझ्या विद्यार्थ्याने त्या आवाजासाठी एकामागून एक डब्या घेतल्या, विकल्या. आवाज जवळ येई, पण त्यात व्यंजन नसे. शब्द त्याचाच, आणि मला तो फार आवडला. "सर, स्वर येतोय, पण व्यंजन येत नाही." मग त्याने शोध लावला की ब्रायन मे प्लास्टिकच्या नखीने वाजवीतच नाही. तो सहा पेनीचे नाणे वापरतो, आणि त्या नाण्याची कंगोरेदार कड तारेवर घासून प्रत्येक स्वराच्या तोंडाशी एक बारीकशी खर निघते. मुलाने आईच्या डब्यातून कंगोऱ्यांचे एक जुने नाणे काढले. फरक मलाही कळला, आणि माझा कान काही तयार नव्हे.

शाळेत आम्ही कित्ता गिरवून घेतो तेव्हा मूल अक्षराचा आकार पाहते. टाक कसा धरला होता ते कित्त्यात दिसत नाही. ते ज्याने शोधले त्याला वळण सापडले.

हवेचेही असेच. १९६६ च्या सुमाराच्या फझच्या डब्यांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत आणि ते उष्णतेला फार हळवे. लंडनच्या थंडीत ऐकलेला आवाज डोंबिवलीच्या मे महिन्यात त्याच डबीतून निघत नाही, जशी आपली तबल्याची पुडी आषाढात उतरते. शिवाय जुने वॉल्व्हचे ॲम्प्लिफायर पुरते मोठे केल्यावाचून नीट फाटत नाहीत, आणि ते मोठे करावयाचे म्हटले की शेजारी दार ठोठावतो. मग ही मुले कानाला यंत्र लावून वाजवितात. म्हणजे खोली घुमविणाऱ्या आवाजाचा अभ्यास खोलीला वगळून चालतो. हे आपल्या उपनगरांतल्या जागेचे दुःख आहे. त्याला वादक काय करणार?

हल्ली एका पेटीत शेकडो आवाज आयते भरून येतात. बटण दाबले की अमक्याचा टोन हजर. सोय मोठी आहे. लोकलमधून एकच पेटी न्यावी लागते, आणि संध्याकाळी सहाला कल्याणच्या फलाटावर गिटार पाठीला लावून उभ्या असलेल्या माणसाला ह्या सोयीबद्दल नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण त्याचा परिणाम रंगमंचावर ऐकू येतो. 'कर्ज' ह्या १९८० च्या चित्रपटातली लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांची गिटारची सुरावट घ्या. ती वाजविली प्यारेलाल यांचे बंधू गोरख शर्मा यांनी. चित्रपटाची सारी कथाच ह्या सुरावटीच्या ओळखीवर उभी आहे: नायकाला मागचा जन्म आठवतो तो ती वाजविताना. प्रेक्षागृहातही तसेच होते. चार स्वर झाले की लोक ओळखतात. माझ्या कानाला मूळ आवाज स्वच्छ आहे, जवळजवळ सभ्य, आणि त्याची भीती वाटते ती त्या सभ्यपणामुळे. आमच्या रंगमंचावर मात्र तिला खरखर लावतात, पडसादांची झालर लावतात, आणि निवेदक म्हणतो, 'हुबेहूब!' हुबेहूब नव्हे. हा भीतीचा वेष आहे.

गोरख शर्मा हे नाव मात्र त्या निवेदनात येत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर चित्रपटाचे, संगीतकाराचे, गायकाचे नाव असे, वादकाचे क्वचितच. 'दम मारो दम'च्या आरंभीची गिटार भूपिंदर सिंग यांची, 'चुरा लिया है' मधलीही त्यांचीच. आणि पुष्कळ श्रोते त्यांना ओळखतात ते केवळ गझल गाणारे म्हणून. ब्रायन मेचे नाणेसुद्धा जगाला ठाऊक झाले. आमच्या वादकांचा आवाज कसा घडला हे कानाने शोधावयास बसलेला माणूस म्हणजे हा ठाण्या-डोंबिवलीचा नकलाकारच, आणि त्यानेच आयते बटण दाबले तर तो शोधही संपला. तालीम म्हणून ही नक्कल मला मोलाची वाटते ती ह्यासाठी.

आता बेंजोविषयी. आपल्याकडे ज्याला बेंजो म्हणतात ते टंकलेखनयंत्रासारख्या चाव्यांचे वाद्य म्हणजे १९१२ साली जपानात नागोयाला गोरो मोरिता यांनी केलेल्या ताइशोगोतोचा आपला भाऊ. त्याला आपल्या मुलांनी वीज जोडली, आणि मिरवणुकीत, हळदीत तो गाण्याची चाल घेऊन पुढे चालू लागला. मूळचे डोंबिवलीकर रवी जाधव यांनी २०१६ साली त्याच्यावर हिंदी चित्रपटही काढला. गायनसमीक्षकांनी बेंजोला कधी पंगतीला घेतले नाही. गेल्या भाद्रपदात कल्याणला एका मिरवणुकीत मी तीच 'कर्ज'ची सुरावट बेंजोवर ऐकली. गिटारसारखी वाजविण्याचा त्या माणसाने प्रयत्नही केला नव्हता. स्वर फाटका होता, पण फाटकेपणा एकाच जागी, तारसप्तकात शिरताना येई, आणि खाली उतरताच निवळे. माझ्या विद्यार्थ्याने पुढे होऊन विचारले, "दादा, पेडल कोणते?" त्याने हातगाडीवरच्या स्पीकरकडे बोट केले. त्याचा कागद मागे कधीतरी टेंपोत चढविताना फाटला होता. चिकटपट्टी लावून चालविला होता.

अत्रे रंगमंदिरात ऐकलेल्या कोणत्याही 'कर्ज'पेक्षा ते वाजविणे मी वरचे मानतो. ताशा मात्र फार पुढे धावत होता.